सुनंदाकाकू, तुझं पहिलं नाव

काकू, परवा गुरुजींनी तुझं नाव विचारलं आणि तुझ्याच घरात कुणालाही पटकन उत्तर देता आलं नाही.

सोफे भिंतीला सारले होते. गालिच्यावर जुनी चादर, तिच्यावर पाट, ताम्हन, वाटीत काळे तीळ. गुरुजी म्हणजे आपले तेच, आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करणारे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगणारे. ब्रॅम्पटनहून बर्फातून गाडी चालवत आले होते. तू त्यांना दर गणपतीत सगळ्यांसमोर "तू जेवलास का रे?" असं विचारायचीस आणि ते मान खाली घालून "हो काकू" म्हणायचे. माधवकाका पाटावर बसले होते. गुरुजींनी गोत्र विचारलं, ते काकांनी सांगितलं. मग गुरुजी म्हणाले, "आणि काकूंचं नाव?" त्यांना ते माहीत होतं. विचारायची रीत म्हणून विचारलं. काकांनी तोंड उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काहीच बोलले नाही. का बोलले नाही ते तुला सांगायला हवं. त्यातलं अर्धं तुला माहीत आहे. उरलेलं तू बोलेनाशी झाल्यानंतरचं आहे.

आम्ही कॅनडात किचनरला आलो तेव्हा मी सहावीत होते. बाबा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीला, आई बेकरीत पॅकिंगला. तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. कम्युनिटी सेंटरच्या दारात एक उंच, गोरीपान, पांढऱ्या केसांची बाई काठपदराच्या साडीखालचे स्नो बूट काढत बसली होती. मी आईला म्हटलं, "ही कोण?" तेवढ्यात तूच मान वर करून म्हणालीस, "मी सुनंदा. तू कोण गं?" आईच्या हातातलं वाण खाली पडायचं राहिलं.

मग बायकांनी तुला नाव घ्यायला लावलं. दर वर्षी लावायच्या, आणि तू दर वर्षी आढेवेढे घेऊन नवा उखाणा काढायचीस. त्या वर्षीचा मला अजून पाठ आहे. "स्नो पडला रात्रभर, ड्राइव्ह-वे झाला बंद, माधवरावांना शोव्हलिंगचा नाही मुळीच छंद." बर्फ उपसायचा कंटाळा कुणाला नसतो, सगळा हॉल हसला. मागे खुर्च्या लावत असलेले काका म्हणाले, "अगं, काल मीच शोव्हल केलं!" आणि तू म्हणालीस, "अहो, अर्धं!"

तू सगळ्यांना "तू" म्हणायचीस. गुरुजींना, बाबांना, मंडळाच्या अध्यक्षांना. सांगलीला लग्नानंतरचं वर्ष तू सासूबाईंच्या स्वयंपाकघरात काढलंस, तिथेच मराठी शिकलीस. त्या तुझ्याशी जसं बोलायच्या तसंच तू जगाशी बोलायचीस. तुझ्या तोंडून "अहो" आणि "तुम्ही" फक्त काकांच्या वाट्याला यायचं, कारण तेवढं सासूबाईंनी बजावून शिकवलं होतं. मग मीही तुला "तू" म्हणायला लागले. आई ओरडली. तू आईला म्हणालीस, "राहू दे गं. तुम्ही म्हटलं की मला वाटतं अजून कुणी आलंय."

आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. अप्लाय कसं करायचं, निबंधात स्वतःबद्दल काय लिहायचं, हे बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "खरं लिही." ते बरोबरच होतं, पण त्याने फॉर्म भरत नव्हता. तू शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झाली होतीस. दर रविवारी मी तुझ्याकडे यायचे. तू पोळपाटावर तुमच्याकडची बटाट्याची पोळी लाटायचीस, लेफ्सा, आणि त्यावर लोणी-साखरेच्या जोडीला शेंगदाण्याची चटणीही ठेवायचीस. मी वाचून दाखवायचे. तू मध्येच लाटणं वर करून म्हणायचीस, "हे वाक्य कुणाचं? तुझं नाही." आणि ते खरंच माझं नसायचं.

म्हणून गेल्या सेमिस्टरला प्रोफेसरांनी एका व्यक्तिनामाचा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा मी पहिल्यांदा तुझ्याकडेच आले. वर्गातले बहुतेक जण स्वतःचं नाव घेत होते. मी म्हटलं, "माझ्या नावात काय आहे? वैशाली. बाबांना कॅलेंडरवर आवडलं." तू हात पुसलेस आणि म्हणालीस, "मग माझं घे. पहिलं."

तोपर्यंत मला तुझं पहिलं नाव नीट माहीतही नव्हतं. सुनिव्हा. सस्कॅचवानच्या गव्हाच्या शेतांत, नॉर्वेहून आलेल्या माणसांच्या वस्तीत तू वाढलीस, एवढंच माहीत होतं. शेजारचे कॅनेडियन लोक तुला सनी म्हणायचे ते सुनंदाचं लघुरूप असेल असं मी धरून चालले होते.

ते नाव शोधताना मला किती आनंद झाला होता, काकू. हे नाव मुळात नॉर्वेचं नव्हतंच. जुन्या इंग्रजीतलं, सूर्य आणि देणगी असे त्याचे दोन तुकडे. ते समुद्र ओलांडून गेलं एका दंतकथेबरोबर. आयर्लंडची राजकन्या सुनिव्हा, नको असलेल्या राजाशी लग्न टाळण्यासाठी आपल्या माणसांना घेऊन निघाली. होड्यांना वल्हं नाही, शीड नाही, सुकाणू नाही. वारा नेईल तिकडे. लागल्या त्या नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटाला. पलीकडच्या लोकांना वाटलं, ही परकी माणसं आपल्या मेंढ्या चोरून खातात. ते शस्त्रं घेऊन आले. सुनिव्हा आणि तिची माणसं गुहेत शिरली, देवाचा धावा केला, आणि वरून दगड कोसळून गुहेचं तोंड कायमचं बंद झालं. पुढे ती संत झाली.

तू लाटता लाटता सगळं ऐकलंस आणि म्हणालीस, "खाल्ल्या असतील गं मेंढ्या. भूक लागली असेल."

मी म्हटलं, "अभ्यासक म्हणतात, ती बहुधा नव्हतीच. आयरिश राजकन्येचं नाव इंग्रजी कसं असेल?"

"नव्हतीच? मग मी कुणाच्या नावाची?"

"आजीच्या ना? तूच सांगितलंस."

"आणि आजी कुणाच्या?"

"तिच्या आजीच्या."

"बघ," तू म्हणालीस, "म्हणजे कुणीतरी होतीच."

तेही मी निबंधात घातलं. पुढे तिथे प्रोटेस्टंट पंथ आला, संतांचे दिवस पाळणं थांबलं, तरी त्या किनाऱ्यावरच्या लोकांनी नाव सोडलं नाही. मुलींची नावं आज्यांवरून ठेवायची अशी त्यांची रीत. आधी बापाची आई, मग आईची आई. त्यामुळे नाव आजीकडून नातीकडे जात राहिलं, उच्चार झिजत, बदलत. मग माणसं बोटींत बसून इकडे आली तेव्हा सामानाबरोबर ते इकडे आलं. मला वाटलं, हे नाव आमच्यासारखंच आहे. कुठेतरी निघालं, कुठेतरी लागलं, आणि लोकांनी विचारलं, तुम्ही कोण, आमच्या मेंढ्या खायला आलात का.

आणि इथपर्यंत येऊन मी निबंधाचा शेवट केला सांगलीत. एवढा प्रवास करून आलेलं नाव एका लग्नात, तांदळाच्या ताटात, पाच मिनिटांत पुसलं गेलं. असं मी लिहिलं होतं.

ते मी रागाने लिहिलं होतं. पण तो राग तुझ्यासाठी कमी आणि आईसाठी जास्त होता. आईचं नाव विमल. पण कोल्हापूरहून मामाचा फोन आला की तो म्हणतो, "मंदे, कशी आहेस?" आणि तेवढ्या दोन मिनिटांत आईचा आवाज बदलतो, मोठा होतो, ती हसते. फोन ठेवला की पुन्हा विमल. एकदा मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं नाव बदललं तेव्हा?" आई भांडी घासत म्हणाली, "विचारलं कुणी होतं?" एवढंच. मला वाटलं, हेच तुझंही झालं असणार. फक्त तुझ्याकडे फोन करून जुन्या नावाने बोलवणारा मामासुद्धा नव्हता.

तू निबंध वाचलास. चष्मा काढून टेबलावर ठेवलास. मला वाटलं तू रडणार. तू म्हणालीस, "शेवट चूक आहे."

"कसा?"

"मला विचारलं नाहीस म्हणून चूक आहे."

मग तू मला ते सांगितलंस जे तुझ्या-माझ्या रविवारांमध्ये तोपर्यंत कधी आलं नव्हतं. तुझ्याआधी घरात एक मुलगी झाली होती. तिलाही आजीचं नाव, सुनिव्हा. ती डांग्या खोकल्याने गेली, चालायला लागली होती तेव्हा. आणि तुमच्याकडे रीत अशी की आजीचं नाव रिकामं ठेवायचं नाही. पुढची मुलगी झाली, ती तू. तुलाही तेच नाव.

"चर्चच्या मागे छोटा दगड होता," तू म्हणालीस. "दर रविवारी आई तिथे जायची. मी वाचायला शिकले ती तिथे. पहिलं वाचलं ते माझं नाव. आडनाव पण माझंच. आणि खाली मेल्याचं साल."

तू टेबलावरचा चष्मा उचलून पदराने पुसलास.

"आई शेतातून हाक मारायची ना, तेव्हा कधी कधी वाटायचं, हिला मी हवीय की ती? मी धावत जायचे, आणि ती माझ्याकडे असं बघायची की... जाऊ दे."

आणि मग सांगलीची गोष्ट. सासूबाईंनी ताट पुढे केलं, तांदूळ पसरलेलं. काकांनी अंगठीने त्यात काहीतरी लिहिलं. तुला देवनागरी वाचता येत नव्हती. तू हळूच विचारलंस, हे काय लिहिलंय? काका म्हणाले, "तू."

"वैशू, मला इतकं हलकं वाटलं," तू म्हणालीस. "या नावाची कुणी मेलेली नव्हती. माझ्या आधी ते कुणी वापरलेलं नव्हतं."

"सांगलीत गल्लीगल्लीत सुनंदा असतील, काकू."

"असू देत. त्या जिवंत होत्या ना." आणि मग तू हसलीस. "दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ते तांदूळ भातात टाकले. अन्न वाया जायला नको. माझं नाव सगळ्या घराने खाल्लं."

मीही हसले. पण मला ते पूर्ण पटलं नव्हतं, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "ठीक आहे, तुला आवडलं. पण काकांचं नाव कुणी बदललं? तुला नवं हवं होतं हा योगायोग झाला. आईला नको होतं. तिलाही त्याच ताटात घातलं." माझा आवाज चढला होता. काका बेसमेंटमधून वर येऊन दारात थांबले आणि परत खाली गेले.

 मग लोण्याच्या डबीचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, "हा प्रश्न चांगला आहे. पुढच्या रविवारी ये. मी उत्तर तयार ठेवते."

पुढचा रविवार आला तेव्हा तू हॉस्पिटलमध्ये होतीस.

डॉक्टर म्हणाले, स्ट्रोक. उजवा हात गेला होता आणि भाषा गेली होती. सगळ्याच भाषा नाहीत. मराठी गेली, इंग्रजी गेली. मधूनच तू काहीतरी पुटपुटायचीस, ते तुझ्या लहानपणच्या घरातलं बोलणं असावं असं डॉक्टरांना वाटत होतं. आमच्यापैकी कुणाला ते कळत नव्हतं. मी नावाचा सगळा इतिहास वाचला होता, पण पाणी या शब्दाला तुझ्या आईच्या भाषेत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

नर्स काकांना म्हणाली, नावाने हाक मारत राहा, ओळखीचं नाव कानावर पडू द्या. काका तुझ्या उशाशी खुर्ची ओढून बसले. "सुनंदा," ते म्हणाले. मास्तर हजेरी घेताना म्हणतात तसं. "सुनंदा. सुनंदा." तू छताकडे पाहत होतीस. त्यांनी तुझा हात हातात घेतला आणि पुन्हा म्हणाले. तुझ्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका कॉफी आणायला खाली गेले. खोलीत तू आणि मी. मी किती वेळ विचार करत बसले. मग वाकून हळूच म्हटलं, "सुनिव्हा."

तू मान वळवलीस, काकू. माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे, दाराच्या दिशेने. डोळे एकदम जागे झाले. मी मागे पाहिलं तर काका दारात उभे, दोन्ही हातांत कॉफीचे कप, कोपराने दार ढकलत मला म्हणत, "अगं, दार धर जरा."

मी दार धरलं. काकांनी तुझी वळलेली मान पाहिली. माझा चेहरा पाहिला. मी काय म्हटलं ते त्यांनी ऐकलं होतं, हे मला लगेच कळलं. त्यांनी एक कप माझ्या हातात दिला. तोवर तू पुन्हा छताकडे पाहायला लागली होतीस. त्यानंतर तू कुणाच्याच हाकेला वळली नाहीस.

तू गेल्यावर लोक येत होते, डबे आणत होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपल्या वादात मी जिंकले का? पहिलं नावच खरं, हे मी म्हणत होते, आणि शेवटी तू त्यालाच वळलीस. असं जिंकायचं मला नव्हतं. आणि मग तू सांगितलेलं आठवायचं. आई हाक मारायची तेव्हा तुला वाटायचं, ती कुणाला बोलावतेय. तू दाराकडे पाहिलंस ते स्वतःचं नाव ऐकून, की कुणीतरी तुझ्या बहिणीला बोलावलं आणि ती आली का ते बघायला? मी तुला शेवटी तिच्याच नावाने हाक मारली का? हे विचारायचं तर कुणाला?

विधीच्या आदल्या दिवशी मी आले तेव्हा काका बाहेर शोव्हल करत होते. मी फावडं घेऊ लागले तर दिलं नाही. थोड्या वेळाने तेच थांबले.

"वैशू, एक विचारू?"

"विचारा ना."

"ती माझ्या हाकेला वळली नाही. तुझ्या वळली."

मी म्हटलं, "काका, डॉक्टर म्हणाले ना, जुन्या गोष्टी राहतात..."

"तेच म्हणतोय. जुनं राहिलं. मी दिलेलं राहिलं नाही." ते फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत होते. "ती म्हणायची तिला आवडलं. मी खरं धरलं. माझ्या मनासाठी म्हणत असेल का गं? इतकी वर्षं?"

मला म्हणायचं होतं, नाही, तिने मला सांगितलंय, तिला हलकं वाटलं होतं. मी म्हटलंसुद्धा. पण काकांनी तुझी मान वळताना पाहिली होती. माझ्या सांगण्यापेक्षा ते पाहणं मोठं होतं.

"उद्या गुरुजी नाव विचारतील," ते म्हणाले. "तू अभ्यास केलायस. तू सांग काय सांगायचं ते."

मी रात्री घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "अभ्यासाने हे कळतं होय?" ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तर परवा गुरुजींनी विचारलं, काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला बोलता आलं नाही. मग काका स्वतःच म्हणाले, "सुनिव्हा." हळू, हरल्यासारखं. गुरुजी थबकले. त्यांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. खोलीत बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आणि मागून, दाराजवळून, आई बोलली. माझी आई, जी मंडळात कधी तोंड उघडत नाही.

"गुरुजी, सुनंदा पण म्हणा. आम्ही तिला त्या नावाने ओळखलं."

गुरुजींनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. मग गुरुजींनी मंत्रात दोन्ही नावं घेतली, पहिलं जरा अडखळत, दुसरं सवयीने. मला वाटलं, संपलं, सुटलो. गुरुजी म्हणाले, "काका, आता पाणी सोडा."

काकांच्या ओंजळीत तीळ आणि पाणी. ते सोडत नव्हते. गुरुजी पुन्हा म्हणाले, "सोडा, काका." काका म्हणाले, "थांबा जरा." आणि ताम्हनावर वाकून, जेवायला बोलवताना म्हणायचे तशा आवाजात म्हणाले, "अगं, घे."

पाणी सुटलं.

मी तिथेच भिंतीला टेकले. काकू, इतक्या वर्षांत मी काकांच्या तोंडून तुझं नाव कधी ऐकलं होतं? बेसमेंटमधून "अगं, माझा चष्मा?" ग्रोसरीच्या दुकानात दोन रांगा पलीकडून "अगं, दही घेतलंस का?" हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये "अगं, काल मीच शोव्हल केलं!" तांदळात एकदा लिहिलं तेवढंच. ते नाव तुला सगळ्यांनी लावलं, सासूबाईंनी, मंडळाने, माझ्या आईने. काकांनी नाही. त्यांच्यासाठी तू "अगं" होतीस आणि तुझ्यासाठी ते "अहो". नर्सने सांगितलं म्हणून त्यांनी तुला आयुष्यात पहिल्यांदा "सुनंदा" अशी हाक मारली. त्यांच्या आवाजात ती हाक तुझ्या ओळखीचीच नव्हती.

आणि मग मला दार आठवलं.

लोक जेवून गेले. आई गाडीवरचा बर्फ काढायला बाहेर गेली. काका सिंकपाशी उभे राहून ताम्हन धूत होते. मी धुते म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. मला बोलावं की नाही कळेना. हे खरं आहे म्हणून सांगायचं, की त्यांना बरं वाटेल म्हणून? तू असतीस तर लाटणं वर केलं असतंस. हे वाक्य कुणाचं? तुझं नाही. मी स्वतःला तेच विचारलं, आणि तरी बोलले.

"काका, त्या दिवशी तुम्ही कॉफी घेऊन आलात. दारात काय म्हणालात आठवतं?"

"कधी?"

"काकूने मान वळवली तेव्हा. दोन्ही हातांत कप होते."

"दार धर म्हणालो असेन."

"त्याच्या आधी?"

नळ चालू होता. ताम्हन त्यांच्या हातात तसंच तिरपं राहिलं, पाणी त्यावरून वाहत होतं.

"मी तुला म्हणालो ते," ते म्हणाले.

"हो. मला म्हणालात."

काकू, तू कुणाच्या हाकेला वळलीस ते मला कधीच कळणार नाही. माझी हाक आणि त्यांची हाक एकाच क्षणी आल्या असतील. तू दाराकडे पाहिलंस, एवढंच मी पाहिलं, आणि दारात कोण होतं तेही मी पाहिलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तू तयार ठेवणार होतीस. तांदळाच्या ताटाबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. आईच्या वाट्याचा तर नाहीच. निबंधाचा शेवट मी खोडला आहे आणि दुसरा सुचलेला नाही.

काकांनी नळ बंद केला. ताम्हन पालथं घातलं. तुझ्या खिडकीतून बाहेर बघत, ओले हात तसेच धरून ते म्हणाले, "अगं..."

घरात आम्ही दोघंच होतो. मी ओ दिली नाही.